गोलंदाज घडवावा लागतो

चार मराठी घरे एकत्र आली, जेवणे उरकली आणि क्रिकेटचा विषय निघाला, की नावे कोणाची निघतात? मर्चंट, मांजरेकर, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर, रोहित शर्मा. सगळे फलंदाज! गोलंदाजांची पाळी येईपर्यंत सुपारीचा डबा फिरलेला असतो आणि मुले सोफ्यावर पेंगत असतात. या लेखात आम्ही नेहमी मागे राहणाऱ्या या मंडळींची हकीकत सांगणार आहोत. भारताला गोलंदाज कसे मिळाले, कितीजण वाया गेले आणि ते घडवण्याची विद्या आपल्याकडे अखेर कशी आली, याची ही हकीकत आहे.

आम्ही व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत एखादी प्रक्रिया घडत नसेल, तर "द्रव्यातच दम नाही" असे म्हणण्याआधी तापमान, दाब, उत्प्रेरक हे सारे तपासून पाहायचे, ही आम्हाला लागलेली सवय. भारतीय वेगवान गोलंदाजीबद्दल मात्र कित्येक दशके "द्रव्यातच दम नाही" हेच ऐकवले गेले. आपला आहार हलका, हवा उष्ण, हाडपेर किरकोळ, मग वेगवान गोलंदाज होणार कोठून? इतिहास उघडून पाहिला की हे निदान टिकत नाही.

आठ आण्यांचा सराव

सुरुवात पुण्यापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यातील युरोपियन क्लबात पळवणकर बाळू नावाचा एक तरुण महिना ४ रुपये पगारावर कामाला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे त्याचे काम. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित इंग्रज फलंदाज. ते इतरांच्या आधी येऊन बाळूंकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेत. बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, असेही सांगितले जाते. या सरावात बाळूंचा डावखुरा हात असा काही तयार झाला, की पुढे हिंदू संघाला त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. घेतले खरे, पण बाळू चर्मकार समाजाचे. मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांना चाले, चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी मिळवले. इतक्या मोठ्या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच झगड्यानंतर.

बाळूंच्या या कथेत जातीचा अन्याय आहे आणि तो सर्वांत मोठा आहे. त्याच्या आड आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बाळूंनी क्लबात इतकी वर्षे गोलंदाजी केली, पण फलंदाजी करण्याची संधी त्यांना तेथे मिळाली नाही. बॅट धरणारा मालक आणि चेंडू टाकणारा नोकर, ही विभागणी आपल्या क्रिकेटच्या पायातच घातली गेली. साहेब गेले तरी ती गेली नाही. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत, ही गोष्ट आपण सर्वांनी कौतुकाने ऐकली आहे. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि कोणालाच जमले नाही तर ते सचिनचे. सचिनने जपून ठेवलेल्या त्या नाण्यांबद्दल आपण बोलतो. समोरून चेंडू टाकून टाकून थकलेली ती पोरे कोण होती, हे आपण विचारतो का? सरांविषयी आम्हाला नितांत आदर आहे. बलविंदरसिंग संधू आणि अजित आगरकर यांच्यासारखे गोलंदाजही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. प्रश्न एका गुरूचा नाही, आपल्या सर्वांच्या नजरेचा आहे.

लॉर्ड्सची ती सकाळ

आहार आणि हवामानाचा दावा खोटा असल्याचा पुरावा भारताच्या पहिल्याच कसोटीने दिला. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडची सलामीची जोडी होती होम्स आणि सटक्लिफ. दहाच दिवसांपूर्वी या दोघांनी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागीदारी केली होती. मोहम्मद निसार यांनी दोघांचेही त्रिफळे उडवले आणि बघता बघता इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. दुसऱ्या टोकाला अमरसिंग होते. म्हणजे द्रव्य उत्तम होते. पण अमरसिंग १९४० साली अवघ्या २९व्या वर्षी वारले आणि फाळणीनंतर निसार पाकिस्तानात राहिले. त्यांची जागा घेणारे दुसरे कोणी तयार करण्याची सोय कोठेच नव्हती.

संस्थानिकांच्या पदरी कधीकधी चांगला गुरू असे. नवानगरच्या जामसाहेबांनी ससेक्सचे बर्ट वेन्सली यांना बोलावले होते. तरुण विनू मंकड तेव्हा वेगाच्या मागे होते. त्यांना डावखुऱ्या फिरकीकडे वळवण्यात वेन्सली यांचा मोठा हात होता. अशी उदाहरणे तुरळक होती आणि संस्थाने गेल्यावर तीही संपली.

विकत आणलेला वेग

१९६२ साली भारतीय संघ वेस्ट इंडिजमध्ये पाचही कसोटी हरला. बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या जिवावर बेतले. परतल्यावर मंडळाने (आपले नव्हे, क्रिकेट नियामक मंडळाने!) उपाय योजला. वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज १९६२-६३ च्या हंगामासाठी भारतात बोलावले. गिलख्रिस्ट हैदराबादकडे, लेस्टर किंग बंगालकडे, वॉटसन दिल्लीकडे आणि स्टेअर्स मुंबईकडे. हेतू हा, की आपल्या फलंदाजांना वेगाची सवय व्हावी. उपाय चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यामागचा विचार पाहा. वेग ही आपल्या फलंदाजांवर येणारी आपत्ती, तिची लस टोचून घ्यायची. आपणच चार वेगवान गोलंदाज तयार करावेत, हा त्या योजनेचा हेतू नव्हता.

याचा परिणाम पाच वर्षांनी दिसला. १९६७ साली बर्मिंगहॅमच्या कसोटीत भारताने बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चारही फिरकी गोलंदाज एकत्र खेळवले आणि नवा चेंडू कोणाच्या हाती दिला? एरवी यष्टिरक्षण करणाऱ्या बुधी कुंदरन यांच्या! तू काय टाकतोस असे कर्णधार पतौडींनी विचारले तेव्हा मलाही ठाऊक नाही असे त्यांनी उत्तर दिले, असा किस्सा सांगतात. आपण हसतो. पण पन्नास कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या देशापुढे यष्टिरक्षकाला नवा चेंडू देण्याची पाळी आली, याची त्या वेळी कोणालाही लाज वाटली नाही, ही खरी चिंतेची गोष्ट.

फिरकीचे वैभव आणि उपेक्षा

मग फिरकी गोलंदाज कसे तयार झाले? ते शाळेत शिकून नव्हे, तर षटकांमागून षटके टाकून. मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, निसटता चेंडू. अशा खेळपट्टीवर फलंदाजाची त्रेधा उडते आणि गोलंदाज टप्पा राखायला शिकतो. पद्माकर शिवलकर अशाच मुंबईच्या मैदानांवर तयार झाले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम श्रेणीत त्यांचे ५८९ बळी आहेत, पण कसोटी एकही नाही, कारण त्यांच्या काळात बिशनसिंग बेदी होते. २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर गेले तेव्हा कित्येक इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांचा गौरव केला. उशीर झाला होता.

सुभाष गुप्ते यांची कथा तर परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष चटका लावणारी. लेगस्पिनचा हा मुंबईकर जादूगार ३६ कसोटीत १४९ बळी घेऊन गेला. १९५८ साली कानपूरला त्यांनी वेस्ट इंडिजचे एका डावात ९ बळी घेतले होते. १९६१ साली दिल्लीत हॉटेलच्या खोलीतील त्यांच्या सोबत्याने स्वागतिकेला फोन केला आणि त्याची शिक्षा गुप्त्यांनाही झाली. त्यानंतर ते भारताकडून खेळले नाहीत. ते पत्नीच्या त्रिनिदादमध्ये कायमचे स्थायिक झाले आणि २००२ साली तेथेच वारले. त्यांच्या बोटांतली विद्या आपण अशी हातची घालवली.

दोन पोळ्यांची मागणी

कपिलदेव स्वतः सांगतात, की ते किशोरवयात मुंबईला शिबिरासाठी आले असता ताटात दोन कोरड्या पोळ्या आणि थोडी भाजी पडली. मी वेगवान गोलंदाज आहे, मला जास्त खायला हवे, असे त्यांनी म्हटले तेव्हा एका अधिकाऱ्याने हसून, भारतात वेगवान गोलंदाज असतात कुठे, असे ऐकवले. चंदीगडला देशप्रेम आझाद यांच्यासारखे गुरू लाभलेल्या या मुलाने १९७८ साली फैसलाबादला कसोटी पदार्पण केले आणि १९९४ साली ४३४ बळींचा विश्वविक्रम करून निवृत्ती घेतली. मधे २५ जून १९८३ रोजी, म्हणजे निसारांच्या त्या सकाळीनंतर बरोबर ५१ वर्षांनी, त्याच लॉर्ड्सवर भारताने केवळ १८३ धावा करून विश्वचषक जिंकला. वेस्ट इंडिजला १४० धावांत कोणी गुंडाळले? कपिल, संधू, बिन्नी, मदनलाल आणि अमरनाथ यांनी. तो विजय गोलंदाजांचा होता. तरी त्यानंतर गल्लोगल्ली पोरांनी हाती घेतली ती बॅटच.

मद्रासची प्रयोगशाळा

खरा बदल झाला १९८७ साली. मद्रासच्या एमआरएफ या टायर कंपनीचे रवि मॅमन यांनी फक्त वेगवान गोलंदाजांसाठी एक संस्था काढली आणि ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली यांना मार्गदर्शक म्हणून आणले. वर्षभर मुलांवर नजर ठेवायला माजी कसोटीपटू टी. ए. शेखर होते. लिलींची निवड फार विचारपूर्वक होती असे आम्हाला वाटते. १९७३ साली त्यांच्या स्वतःच्या पाठीच्या मणक्यांना तडे गेले होते. शिस्तीने व्यायाम करून, गोलंदाजीची शैली सुधारून ते पुन्हा उभे राहिले होते. म्हणजे शरीर कोठे मोडते आणि कसे जोडायचे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

येथे थोडे शास्त्र सांगतो. चेंडू सोडताना गोलंदाजाची कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असतील, तर प्रत्येक चेंडूला पाठीचा कणा पिळला जातो. एका चेंडूने काही होत नाही. पण लोखंडाची तार पुन्हा पुन्हा वाकवली की एक दिवस तुटते, तसे मणक्याचे होते. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चित्रफीत सावकाश पाहावी लागते, पावलांची दिशा बदलावी लागते, पोट, पाठ आणि मांड्या बळकट कराव्या लागतात. "देवाने दिलेला वेग" एवढ्यावर भागत नाही. मद्रासला हे सारे प्रथमच एका छपराखाली आले. जवागल श्रीनाथ, व्यंकटेश प्रसाद, इरफान पठाण, मुनाफ पटेल आणि आणखी कितीतरी जण तेथून शिकून गेले. सचिन तेंडुलकरही तेथे गोलंदाज व्हायला गेला होता. लिलींनी त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितले, हा सल्लाही काही वाया गेला नाही! पुढे ऑस्ट्रेलियाचे गोलंदाजसुद्धा तेथे शिकायला आले. त्यांच्यापैकी ग्लेन मॅग्रा यांनी २०१२ साली लिलींची जागा घेतली. मुंबईतही १९९० च्या दशकात मफतलाल यांच्या मदतीने गोलंदाजांसाठी योजना निघाली, इंग्लंडचे फ्रँक टायसन शिकवायला आले आणि उंचापुरा अॅबी कुरुविला त्यातून पुढे आला.

श्रीरामपूर ते वानखेडे

आपल्यातील बहुतेकांच्या घरी डिग्रीला देवाचे स्थान, म्हणून एक गंमत सांगतो. भारताचे कितीतरी मोठे गोलंदाज इंजिनिअर आहेत. प्रसन्ना, वेंकटराघवन, श्रीनाथ, कुंबळे, अश्विन. यांपैकी प्रसन्नांनी तर पदवीसाठी १९६२ ते १९६७ अशी जवळजवळ ५ वर्षे कसोटी क्रिकेट सोडले होते.

नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान मात्र इंजिनिअरिंगची वाट सोडून सतराव्या वर्षी मुंबईला आला. नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरले. नाईक स्वतः सलामीचे कसोटी फलंदाज, पण या मुलातला गोलंदाज त्यांना दिसला. पुढे शेखर त्याला मद्रासला घेऊन गेले. २००० साली तो भारताकडून खेळू लागला. मधल्या काळात दुखापतींनी आणि संघाबाहेर बसण्याने तो खचला असता. पण २००६ साली इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून षटकांमागून षटके टाकत त्याने हंगामात ७८ बळी घेतले आणि नवाच गोलंदाज होऊन तो परतला. ९२ कसोटींत ३११ बळी ही त्याची कमाई. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वानखेडेवर त्याने पहिल्या ५ षटकांत ३ निर्धाव टाकत फक्त ६ धावा दिल्या. त्या मैदानाची खेळपट्टी तयार करण्याची जबाबदारी होती सुधीर नाईक यांच्यावर! बाळू ज्या रोलरमागे उभे होते, तेथे या वेळी एक कसोटीपटू गुरू उभा होता. नाईक २०२३ साली वारले.

आजची साखळी

२००० साली बंगळूरला राष्ट्रीय क्रिकेट अकादमी निघाली आणि एकेका गुरूच्या पुण्याईवर चालणारे काम हळूहळू साखळीत बांधले गेले. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज २०१६-१७ च्या रणजी हंगामात ४१ बळी घेतो, तेव्हा हैदराबादचे प्रशिक्षक भरत अरुण असतात, आणि पुढे तेच अरुण भारतीय संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून त्याला भेटतात. अहमदाबादच्या जसप्रीत बुमराहची शैली पुस्तकाबाहेरची. ती बदलण्याऐवजी तिला पेलेल असे शरीर बनवायचे, असे याच अरुण यांनी ठरवले. २०२४ च्या डिसेंबरात बुमराहने २० पेक्षा कमी सरासरीने २०० कसोटी बळी पूर्ण केले. हे जगात आधी कोणालाच जमले नव्हते.

ब्रिस्बेनची १९ जानेवारी २०२१ ची कसोटी तर आपल्यातील अनेकांनी इथे मध्यरात्र उलटेपर्यंत जागून पाहिली. प्रमुख गोलंदाज सारे जखमी. सिराज, सैनी, शार्दूल ठाकूर, नटराजन, वॉशिंग्टन सुंदर या पाच जणांचा त्यापूर्वीचा एकत्रित अनुभव होता फक्त ४ कसोटींचा. तरीही त्यांनी ऑस्ट्रेलियाचे वीसच्या वीस बळी मिळवले आणि १९८८ पासून तेथे न हरलेला यजमान हरला. त्यात ७ बळी घेणारा शार्दूल पालघरचा. रोज लोकलचा लांबचा प्रवास करणाऱ्या या मुलाला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या आपल्या घरी ठेवून घेतले होते. २०२१ ते २०२४ या काळात मुंबईचे पारस म्हांब्रे भारताचे गोलंदाजी प्रशिक्षक होते. २९ जून २०२४ रोजी भारताने बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तो शेवटच्या षटकांतील गोलंदाजीवर. हे तेच बार्बाडोस, जेथे १९६२ साली कॉन्ट्रॅक्टर कोसळले होते.

मुलींच्या पालकांनी झूलन गोस्वामीचे नाव ध्यानात ठेवावे. बंगालमधील चाकदा गावातून पहाटेची गाडी पकडून ती कोलकात्याला सरावाला जाई. एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी घेऊन ती २०२२ साली लॉर्ड्सवर निवृत्त झाली. महिला क्रिकेटमधील तो विक्रम आहे.

आपल्या मुलांसाठी

या सर्व कथांत एक सूत्र आहे. प्रत्येक गोलंदाजामागे कोणीतरी उभे आहे, ज्याने त्याला सरावाचे साधन न समजता शिकवण्याजोगा माणूस समजले. कोणी झोपायला जागा दिली, कोणी पोटभर जेवण, कोणी नुसता वेळ. हा उत्प्रेरक जेथे होता तेथे प्रक्रिया झाली, नव्हता तेथे थांबली. द्रव्य सगळीकडे तेच होते.

आपल्याला हे लांबचे वाटायचे कारण नाही. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१० साली भारताच्या १९ वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला, २०१३ साली मुंबईकडून रणजी सामना खेळला आणि पुढे वाट दिसेना म्हणून २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठात शिकायला आला. आपल्यातील कितीजण नेमके असेच आलो आहोत! त्याने चेंडू मात्र टाकून दिला नाही. ६ जून २०२४ रोजी टेक्सासमध्ये पाकिस्तानविरुद्धचे सुपर ओव्हर त्याने टाकले आणि अमेरिका जिंकली. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने कोहली आणि रोहित शर्मा दोघांनाही बाद केले. त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, हा आपल्या अनेक घरांत पेच पडला होता.

मंडळाच्या शनिवारच्या सरावात आम्ही पाहतो ते असे. पालक मुलाला महागडी बॅट घेऊन देतात, पॅड देतात, हेल्मेट देतात. मूल बाद झाले की "आणखी एक संधी द्या हो" म्हणतात. गोलंदाजी कोण करणार असे विचारले की सगळे लहान, बुजरे, नुकतेच आलेले चेहरे पुढे ढकलले जातात. त्यांच्या वाट्याला तास दीड तास चेंडू टाकणे येते आणि घरी जायच्या वेळी "तुझी बॅटिंग पुढच्या आठवड्यात हं" हे आश्वासन. शंभर वर्षांपूर्वीचा पुण्याचा क्लब आपण पार्किंग लॉटशेजारच्या हिरवळीवर जसाच्या तसा उभा करत आहोत.

म्हणून येत्या उन्हाळ्यापासून सरावाचा पहिला तास फक्त गोलंदाजीचा ठेवावा, असे आम्ही सुचवत आहोत. समोर फलंदाज नसेल, तीन यष्ट्या असतील आणि टप्पा दाखवायला जमिनीवर एक रुमाल. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी किती चेंडू टाकले ते कोणीतरी वहीत मोजून लिहावे, म्हणजे कोवळ्या पाठीवर ताण येणार नाही. यासाठी दोन आई-वडील दर शनिवारी हवे आहेत, क्रिकेट यायलाच हवे असे नाही. आणि ज्यांनी गोलंदाजी केली त्यांना त्याच दिवशी बॅट मिळेल, पुढच्या आठवड्यात नव्हे. ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी मंडळाच्या पुढील बैठकीत कृपया आपली नावे द्यावीत.